जुन्या डाळिंब बागेतली वसाहत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर–बार्शी रस्त्याच्या आत, पूर्वी डाळिंबाची बाग होती त्या जमिनीवर आमची वसाहत उभी राहते आहे. काही घरं झाली, काहींची कामं चालू आहेत, काही प्लॉटांवर अजून नुसतं गवत आहे. रविवारी बघायला येणारे आणि फोनवर चौकशी करणारे तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. ही जाहिरात नाही. इथं राहणाऱ्यांनीच हे लिहिलंय, त्यामुळे काही उत्तरं तुम्हाला पटतील आणि काही ऐकून तुम्ही गाडी वळवाल. दोन्हीला हरकत नाही.

बाग चांगली चालत असेल तर काढली कशाला?

चालत नव्हती म्हणून काढली. सोलापूरचं डाळिंब नावाजलेलं आहे, २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच केगावला आहे, २००५ पासून. पण नाव जिल्ह्याचं होतं, कर्ज शेतकऱ्याच्या बोकांडी होतं. इथं ‘भगवा’ वाणाचं डाळिंब होतं, साडेचार बाय तीन मीटरवर, म्हणजे एकरी तीनशेच्या आसपास झाडं. २०१२-१३ च्या दुष्काळात बागा टँकरवर जगवल्या गेल्या. त्यातून उठतायत तोवर तेल्या रोग आला. फळावर आधी तेलकट ठिपका दिसतो, तो काळा पडतो, मग साल तडकते आणि ऐन तोडणीच्या तोंडावर फळ उकलतं. तेल्यातून वाचलेली झाडं मर रोगानं नेली. एक फांदी पिवळी पडली की समजायचं, पुढच्या हंगामापर्यंत झाड सरपणात. मूळ उभं चिरून बघितलं तर आत करडा-तपकिरी पट्टा दिसतो.

मालकांच्या मुलांनी शेवटी बाग उपटली. जमीन विकताना त्यांनी अट घातली की बांधावरचं एकही झाड तोडायचं नाही. त्यामुळे कडेची चिंच, लिंब (कडुलिंब) आणि विहिरीवरचं उंबर जागच्या जागी आहेत.

इतकी वर्षं फवारण्या झाल्या, मग ती माती विषारी नाही का?

प्रश्न रास्त आहे, आणि प्लॉट दाखवणारा एजंट याचं उत्तर सहसा देत नाही. डाळिंबावर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, वर्षानुवर्षं मारलं जातं. बरीचशी कीटकनाशकं काळानं विघटित होतात. मोरचुदातलं तांबं मात्र कुठं जात नाही. ते वरच्या थरात साचत राहतं आणि जास्त झालं की आधी गांडुळं कमी होतात.

म्हणून जुन्या बागेची जमीन घेताना साध्या माती परीक्षणावर थांबू नका. नत्र-स्फुरद-पालाशसोबत तांब्याचं प्रमाणही तपासून घ्या, आणि नमुना झाडाच्या आळ्यातला व दोन ओळींमधला असा वेगवेगळा काढा. दोन्हींत फरक असतो, कारण फवारा झाडावर पडतो आणि ओघळून आळ्यात जातो. राहायला यामुळे धोका नाही. पालेभाजी लावायची असेल तर पहिली काही वर्षं वाफे उंच करा, त्यांत शेणखत आणि बाहेरची माती भरा. आम्ही तसंच करतो.

प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का?

आहे. आदेशाची प्रत, मंजूर रेखांकन, मोजणीचा नकाशा आणि फेरफार वसाहतीच्या कचेरीत ठेवलेत, येऊन बघा. आमच्याकडे घ्या किंवा दुसरीकडे, एवढं मात्र कराच: सातबारा ऑनलाइन काढून इतर हक्कांचा रकाना वाचा, गट नंबर मोजणी नकाशाशी ताडून पाहा, आणि तलाठ्याकडे एक चक्कर टाका. (त्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात.) प्रकल्पाचं क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि प्लॉटही आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागते. नोंदणी असली की ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणं विकासकावर बंधनकारक असतं. नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकून स्वतः बघायचा. छापील पत्रकावर विसंबू नका.

शेजारी अर्ध्या दरात ‘फार्म प्लॉट’ मिळतोय. तो का नाही घ्यायचा?

तो दर कशामुळे अर्धा आहे ते विचारा. बहुतेक वेळा जमीन शेतीचीच असते, आणि तुम्हाला पाच-दहा जणांच्या सामाईक खरेदीखतात घालतात. सातबाऱ्यावर नाव लागतं, पण तुमचा तुकडा नेमका कुठला हे कागदावर कुठंच नसतं. शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात मुळात शेतकरी असावं लागतं, आणि तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आहेच. त्यातल्या अटी अलीकडे काही ठिकाणी सैल झाल्यात, पण ‘सैल झाल्यात’ हे एजंटच्या तोंडून ऐकून चालत नाही. तुमच्या गटाला ती सूट लागू होते का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा आणि वकिलाकडून लेखी घ्या. गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट, नियमित करून देतो असं सांगणाऱ्याला तारीख विचारा. त्या योजनेत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी बसते. काल पाडलेले प्लॉट बसत नाहीत.

नान्नजचं माळढोक अभयारण्य जवळ आहे. बांधकामाला अडचण येत नाही?

आली असती. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र साधारण साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं आली. एनए, खरेदी, घराची परवानगी, सगळं अडायचं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा इथल्या जुन्या माणसांना विचारा, माळढोकाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडायच्या. पुढं सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि क्षेत्र सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आलं. आमचा गट त्या हद्दीत आणि संवेदनशील क्षेत्रातही येत नाही, वन विभागाचं तसं पत्र आहे. तुम्ही बार्शी रस्त्याच्या बाजूला दुसरीकडे कुठं बघत असाल तर हे पत्र मागितल्याशिवाय इसार देऊ नका.

खेदाची गोष्ट अशी की अभयारण्याची हद्द आता नीट झाली आणि पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला.

पाणी कुठलं?

खरं तर पहिला प्रश्न हाच असायला हवा. लोक आधी क्लबहाऊस आहे का विचारतात.

इथं महापालिकेचा नळ नाही आणि येईल असं आम्ही कुणाला सांगत नाही. शहरात तरी उजनीचं पाणी रोज कुठं येतं? सोलापूरकराला ड्रम, टाकी आणि पाण्याचा वार यांचं गणित वेगळं शिकवायला नको. इथं ते गणित वर्षाचं करावं लागतं, एवढाच फरक.

आमच्याकडे पाण्याचे तीन स्रोत आहेत: घराच्या छपरावरचा पाऊस, जुनी विहीर आणि शेततळं.

छपराचा हिशोब करून दाखवतो. सोलापुरात सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरा. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर. वीस टक्के वाया गेला तरी वर्षाला चाळीस हजार लिटर हातात येतं. माणशी १३५ लिटर या सरकारी मापानं चौघांचं घर दिवसाला ५४० लिटर वापरतं, म्हणजे हे पाणी अडीच महिने पुरतं. ऐकून माणसं नाराज होतात. पण हेच पाणी नुसतं पिण्या-स्वयंपाकाला ठेवलं तर चौघांना दिवसाला वीस लिटर, वर्षाला सव्वासात हजार. दहा हजार लिटरची जमिनीखालची टाकी केली की पुढचा पाऊस येईपर्यंत प्यायच्या पाण्याची चिंता मिटते, आणि बोअरच्या जड पाण्यासाठी घरोघरी फिल्टर बसवायची वेळ येत नाही. म्हणून दहा हजारांची टाकी इथं सक्तीची आहे. नकाशात टाकी नसेल तर वसाहतीची ना-हरकत मिळत नाही. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायचं, छपरावरची धूळ आणि कबुतरांची घाण धुऊन जाऊ द्यायची, मग टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा. टाकीवर झाकण घट्ट हवं, उजेड आत गेला की शेवाळ धरतं.

वापरायचं पाणी विहिरीचं, मीटर लावून. ठरलेल्या मापाच्या वर गेलात की दर चढतो. यावर दरवर्षी सभेत भांडण होतं आणि दरवर्षी मीटर राहतो.

मी माझ्या प्लॉटमध्ये बोअर मारू शकतो का?

नाही.

कारण सांगतो. आपल्या खाली काळा पाषाण आहे. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. एकानं फट गाठली की शेजाऱ्याची कोरडी पडते. आजूबाजूला सहाशे-सातशे फूट गेलेली माणसं आहेत, धूळ घेऊन परत आलीत. दोन सामाईक बोअर आहेत, ते विहिरीला आधार म्हणून. पावसाळ्यात नाल्याचं पाणी गाळून विहिरीत सोडतो: आधी दगड, मग खडी, मग वाळू अशा खड्ड्यातून. तो खड्डा मे महिन्यात श्रमदानानं उपसावा लागतो. या कामाला सुट्टी नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

ते शेततळं म्हणजे स्विमिंग पूल आहे का?

कृपया असं मुलांसमोर बोलू नका. बागेच्या काळातलं तळं आहे, तीस बाय तीस मीटर, आत प्लास्टिकचा कागद. ओल्या कागदावर शेवाळ धरलं की त्यावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा कड चढू शकत नाही. जिल्ह्यात अशी माणसं गेलीत, मुलं गेलीत. आम्ही चारही बाजूंनी जाळी मारलीय, दाराला कुलूप आहे, आणि आत चारी उतारांवर गाठी मारलेले दोर व टायर बांधून सोडलेत. दर महिन्याला दोर ओढून तपासतो. उन्हानं दोर कुजतो आणि वरून तो धडधाकटच दिसतो.

तळ्याचं दुसरं दुखणं म्हणजे ऊन. मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण एक सेंटिमीटर उतरते. एवढ्या तळ्यातून रोज नऊ हजार लिटरच्या आसपास हवेत जातं, म्हणजे एक लहान टँकर. म्हणून फेब्रुवारी संपला की वर शेडनेट ताणतो. दिसायला ते अजिबात चांगलं दिसत नाही. फोटो काढायला येणाऱ्यांनी जानेवारीत यावं.

निसर्गवसाहत म्हणता आणि इथं तर सगळं पिवळं दिसतं. झाडं कधी लावणार?

पिवळं दिसतं कारण हा माळ आहे. ऑक्टोबरनंतर माळ पिवळाच असतो. हिरवंगार बघायचं असेल तर कोकणात प्लॉट घ्यावा, तिकडचा निसर्ग तसा आहे. आपला निसर्ग म्हणजे मारवेल, पवन्या, कुसळी, मधेमधे हिवर, बोर, बाभूळ, आपटा, पळस. या गवतावर चंडोल, धाविक, टिटवी, तित्तर, काळवीट, खोकड जगतात. सरसकट झाडं लावली की यांतलं बरंच काही निघून जातं. वृक्षारोपणाच्या नावाखाली अनेक माळांवर गिरिपुष्प लावून ठेवलंय. झाडांचे आकडे छान भरले, पण त्याखाली ना गवत उरलं ना गवतातला पक्षी.

म्हणून वसाहतीतला सगळ्यात उंचावरचा, मुरमाड भाग आम्ही माळ म्हणूनच ठेवलाय. रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा कायद्यानं सोडावीच लागते, तीसुद्धा बागबगीचा न करता याच माळाला जोडली. तिथं काही लावायचं नाही. तिथलं काम एवढंच: वेडी बाभूळ आणि सुबाभूळ मुळासकट काढणं, पावसाळ्यात फुलायच्या आत काँग्रेस गवत उपटणं, आणि दिवाळीनंतर आग लागणार नाही याची राखण करणं.

घरांच्या भोवती आणि रस्त्याच्या कडेला झाडं लावतो, तिथं ती हवीतच. लिंब, करंज, चिंच, कवठ, बेल, सीताफळ, शेवगा. खड्डा मेमध्ये तापवायचा, रोप दोन पाऊस झाल्यावर लावायचं, दोन उन्हाळे मडक्यानं पाणी द्यायचं. पुढं ते आपलं आपण बघतं. चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं तोडायला १९६४ च्या कायद्यानं परवानगी लागते, त्यामुळे लावतानाच जोत्यापासून लांब लावा. शोभेचे पाम, निलगिरी आणि लॉनला मनाई आहे. लॉन हवंच म्हणणाऱ्यांना आम्ही पाण्याचा चढा दर दाखवतो. त्यानंतर सहसा विषय निघत नाही.

डाळिंबं खायला मिळतील का?

थोडी. विहिरीजवळ दोन ओळी मुद्दाम ठेवल्यात, आणि ‘सोलापूर लाल’ची नवी रोपं लावलीत. केगावच्या केंद्राचं हे वाण २०१७ चं आहे. आम्ही मृग बहार धरत नाही, कारण पावसाळी हवेत तेल्या फोफावतो. पाऊस सरताना येणारा हस्त बहार धरतो आणि फळ येईल तेवढं वाटून घेतो. बाहेरून डाळिंबाची कलमं आणून प्लॉटमध्ये लावू नका. शोभेसाठी आणलेलं एक रोगट कलम दोन्ही ओळी घालवू शकतं. शेजारच्या शेतकऱ्याचं घर बागेवर चालतं, त्याचंही भान ठेवावं लागतं.

मे महिन्यात राहवतं का?

पारा ४२-४३ वर जातो. राहवतं, पण ते घर कसं बांधलंय त्यावर आहे. काचेच्या भिंतींचा बंगला बांधणाऱ्यांना आम्ही नकाशाच्या वेळीच सांगतो की तुम्ही भट्टी बांधताय.

आपल्याकडच्या माळवदाच्या घरांकडे बघा. जाड भिंत, लहान खिडकी, वर मातीचा थर, मधे चौक. आज माती घालायची गरज नाही, पण त्यामागचा विचार घ्यावा. पश्चिमेला न्हाणीघर, कोठार, जिना अशा खोल्या टाका, झोपायची खोली टाकू नका. त्या भिंतीला बाहेरून वेल किंवा दीड-दोन हात पुढं आलेलं छप्पर द्या. गच्चीवर मार्चमध्ये चुन्याचा हात मारा, खर्च किरकोळ आणि फरक अंगाला जाणवतो. दगड इथलाच काळा वापरा. कोकणातून जांभा आणायचं खूळ काहींनी घेतलंय, त्याचं भाडंच दगडापेक्षा जड होतं. विटा राखेच्या मिळतात, औष्णिक वीजकेंद्र जिल्ह्यातच आहे.

हवा कोरडी असल्यानं एप्रिल-मेमध्ये कूलर उत्तम चालतो. पण कूलर पाणी पितो, दिवसभर लावला तर पन्नास-शंभर लिटर सहज. मीटर आठवत असेलच.

पायाबद्दल एक. बाग मुरमावर होती, त्यामुळे बहुतेक प्लॉटांत चार-पाच फुटांवर टणक लागतं. खालच्या अंगाला, नाल्याच्या बाजूला मात्र काळी जमीन आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिथं मुरूम लागेपर्यंत खोदल्याशिवाय जोतं घ्यायचं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेला पूर सगळ्यांनी पाहिलाय. आपल्या भागात दुष्काळ आणि पूर एकाच दशकात, कधी एकाच वर्षात येतात. म्हणून नाल्यालगतची पट्टी घरांसाठी दिलेलीच नाही, कितीही भाव आला तरी.

साप निघतात का?

निघतात. नाग, घोणस, मण्यार आणि मुरमाच्या दगडाखाली फुरसं, चारही विषारी जाती या भागात आहेत. धामण तर रोजची. उंदीर असले की साप असणार, आणि ज्वारी असली की उंदीर असणार. रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी आणि पायात बूट. सरपण, विटांचा ढीग घराला टेकून ठेवायचा नाही. जमिनीवर झोपायचं तर मच्छरदाणी गादीखाली खोचून, कारण मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा दंश कळतही नाही.

चावलाच तर दोरीनं आवळायचं नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. माणसाला निजवा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, आणि थेट सोलापूरला मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. सापाला मारू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, शिवाय साप शोधण्यात वेळ जातो. सर्पमित्रांचे नंबर कचेरीच्या दारावर लावलेत.

कुत्रा पाळता येतो?

येतो, पण मोकळा सोडता येत नाही. मार्च ते जून टिटवी आणि धाविक जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणण्यासारखं काही नसतं, मुरमात चार खडे सरकवले की झालं. अंडी त्याच रंगाची, ठिपकेदार; दोन पावलांवर उभे राहिलात तरी दिसत नाहीत. तुम्हाला कळतं ते टिटवी डोक्यावर येऊन कोकलायला लागली की. मोकाट कुत्रं एका रात्रीत सगळं फस्त करतं, हरणाची पाडसंही धरतं.

याच कारणानं एक नियम आहे, तो ऐकून ठेकेदार डोक्याला हात लावतात: तुमच्या प्लॉटवर टिटवी बसली तर पिलं निघेपर्यंत खोदाई थांबते. साधारण चार आठवडे. पिलं निघाली की त्याच दिवशी आईमागे चालायला लागतात, मग जेसीबी लावा. आतापर्यंत कुणाचं घर यामुळे राहिलेलं नाही.

रस्त्यावर दिवे इतके कमी का?

मुद्दाम. आहेत ते कमरेएवढ्या उंचीचे, खाली तोंड केलेले. रातवा, पिंगळा, खोकड यांना अंधार लागतो. भीती वाटत असेल तर दारावर सेन्सरचा दिवा लावा. हायमास्ट मागू नका.

वीज जाते का?

जाते. बहुतेकांनी छपरावर सौर पॅनेल घेतलंय. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि सोलापूरच्या उन्हात तीन किलोवॅटमधून दिवसाला बारा युनिट सरासरी निघतात. पॅनेल धूळ खातं, आठवड्यातून एकदा पुसा. आणि लक्षात ठेवा, नुसतं ग्रिडला जोडलेलं सौर वीज गेली की बंद पडतं, त्यासाठी बॅटरी वेगळी लागते. हे विकणारा सांगत नाही.

सांडपाणी?

संडासाचं सेप्टिक टँकमध्ये, न्हाणी-मोरीचं वेगळ्या पाइपनं कर्दळ आणि अळूच्या वाफ्यातून झाडांना. दोन पाइप पहिल्याच दिवशी वेगळे टाका, नंतर फरशी फोडावी लागते.

गावाशी जमतं का? कंपाउंड का नाही?

वसाहतीला भिंत नाही, तारेचं कुंपण आहे आणि त्यात दोन ठिकाणी वाट सोडलीय. एक गावाची जुनी गाडीवाट आहे, ती आमच्या आधीपासूनची. दुसरी मेंढरांची. धनगर दरवर्षी इकडून जातात, आणि आम्ही दोन-चार रात्री माळावर त्यांच्या मेंढ्या बसवतो. मोबदला धान्य आणि पैसे. लेंडीखत मिळतं, वाळलेलं गवत खाल्लं जातं, आगीची भीती कमी होते. शहरातून आलेल्या काहींना सुरुवातीला वासाचा त्रास झाला. दुसऱ्या वर्षी तेच विचारत होते, अण्णा यंदा अजून आले नाहीत का.

बागेत छाटणी-तोडणीला येणाऱ्या बायकांनाच इथल्या रोपवाटिकेचं काम दिलंय. कोणतं झाड कुठं जगेल हे अॅपवर बघण्यापेक्षा त्या मावश्यांना विचारा. घरपट्टी ग्रामपंचायतीला जाते. गावच्या जत्रेची वर्गणी सगळ्यांनी द्यायची, पावती मिळते. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे यात्रेला, मात्र आपापल्या गाडीनं जा.

शाळा, दवाखाना, किराणा?

प्राथमिक शाळा आणि आरोग्य उपकेंद्र गावात आहे. बाकी सगळं सोलापूर. दोघंही नोकरीला आणि मुलं शहरातल्या शाळेत असतील तर रोजची ये-जा सहा महिन्यांत नकोशी होते. असं करून परत गेलेलं कुटुंब आमच्यात आहे. ते आता फक्त शनिवार-रविवार येतात आणि खूश आहेत.

शनिवार-रविवारी पार्टीसाठी बंगला भाड्यानं देता येईल?

नाही. डीजे तर नाहीच.

गुंतवणूक म्हणून कसं?

त्यासाठी इथं येऊ नका. तीन वर्षांत बांधकाम सुरू केलं नाही तर देखभाल शुल्क वाढतं, ते याचसाठी. रिकाम्या प्लॉटांवर काँग्रेस गवत आणि वेडी बाभूळ माजते, आणि ती उपटायला इथं राहणाऱ्यांनाच जावं लागतं. भाव वाढेल की नाही हे आम्ही सांगत नाही. विमानतळ, महामार्ग, पाइपलाइन यांच्या बातम्या दाखवून जमीन विकायचा धंदा आपल्या शहराला नवा नाही.

बघायला कधी यावं?

एकदा श्रावणात या आणि एकदा मेमध्ये, दुपारी दोन वाजता. दोन्ही वेळा आवडलं तरच पुढचं बोलू. मेमध्ये येताना टोपी आणा आणि गाडी लिंबाखाली लावा. विहीर वाकून बघा, पाणी किती फुटांवर आहे ते आत पांढऱ्या रंगानं लिहिलंय. हुरड्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत येणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. कणसं त्या दिवशी लागतील तेवढीच काढतात, आणि शेंगाचटणी मागाहून वाढवता येत नाही.